एक कोटी पौंडांना नेमकं काय विकलं? ‘ओल्ड नंबर वन’ बेंटलीचं प्रकरण

७ एप्रिल १९९० रोजी इंग्लंडमध्ये एका बेंटलीचा सौदा पक्का झाला. किंमत एक कोटी पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावाने अठ्ठावीस-तीस कोटी रुपये. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या लिलावात एक बुगाटी रोयाल पंचावन्न लाख पौंडांना गेली, तेव्हा मोटारींच्या दुनियेने तोंडात बोटं घातली होती. इथे त्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम होती. घेणारी कंपनी मिडलब्रिज सिमिटार, जपानी पैशावर उभ्या असलेल्या समूहातली. देणारा इंग्लंडमधला एक गाडीमालक. गाडी होती बेंटलीची स्पीड सिक्स, नोंदणी क्रमांक एमटी ३४६४. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ले माँची चोवीस तासांची शर्यत मारणारी. मोटारप्रेमी तिला ‘ओल्ड नंबर वन’ म्हणतात.

थोड्याच दिवसांत व्यवहार फिसकटला. खरेदीदारांचं म्हणणं असं की आम्हाला जी गाडी म्हणून विकली ती ही नव्हेच. ले माँ जिंकलेल्या गाडीतलं हिच्यात उरलंय तरी काय? प्रकरण लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे उभं राहिलं आणि २७ जुलै १९९० ला निकाल लागला. जुन्या गाड्या घेणाऱ्या, विकणाऱ्या, किंवा आजोबांची गाडी गॅरेजमध्ये सांभाळून असलेल्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळापासून समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

गाडी आणि तिचा पहिला मालक

डब्ल्यू. ओ. बेंटलीने १९१९ साली कंपनी काढली. कारखाना उत्तर लंडनमधल्या क्रिकलवूडला. गाड्या अप्रतिम, पण पैशाची कायम ओढाताण. १९२६ मध्ये कंपनीला तारलं वुल्फ बार्नाटोने. किंबर्लीच्या हिऱ्यांवर गब्बर झालेल्या बार्नी बार्नाटोचा हा मुलगा. त्याने पैसा ओतला, चेअरमन झाला, आणि स्वतः स्टिअरिंगवरही बसला. ले माँमध्ये तो तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला. पैशाच्या जोरावर शर्यतीत हौस भागवणारे त्या काळात पुष्कळ होते. बार्नाटो त्यांतला नव्हता. बेंटली स्वतः त्याला आपल्या उत्तम चालकांत गणत असे.

स्पीड सिक्स आली १९२८ मध्ये, आधीच्या साडेसहा लिटरच्या गाडीची जास्त ताकदवान आवृत्ती म्हणून. ६,५९७ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, १०० मिलिमीटर बोअर, १४० मिलिमीटर स्ट्रोक, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. या इंजिनातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडमीट करणारा दांडा, फिरवण्याची रीत. डोक्यावरचा कॅमशाफ्ट फिरवायला साखळी नाही. इंजिनाच्या मागच्या टोकाला तीन दांड्या वरखाली होत तो फिरवतात. वाफेच्या रेल्वे इंजिनाची चाकं जोडणाऱ्या दांड्यांच्या घराण्यातलीच ही कल्पना, आणि ते साहजिकही आहे, कारण बेंटली मोटारींकडे वळण्याआधी डॉन्कास्टरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी करून आलेला होता. या रचनेमुळे इंजिन कमालीचं शांत चालतं. स्पीड सिक्स एकूण १८२ बनल्या.

शर्यतीच्या गाडीवर बॉडी होती व्हॅन्डन प्लास या बॉडी बांधणाऱ्या कंपनीची: चार आसनी, उघडी, लाकडी सांगाड्यावर कापडाचं आवरण चढवलेली टूरिंग बॉडी. शर्यतीला टूरिंग बॉडी कशाला, असं आज वाटेल. पण ले माँची शर्यत १९२३ मध्ये सुरू झाली तीच मुळी रोजच्या वापराच्या टूरिंग गाड्यांची कसोटी म्हणून. मोठ्या इंजिनाच्या गाडीला चार आसनं असलीच पाहिजेत, आणि न बसलेल्या प्रवाशांचं वजन म्हणून गाडीत भार ठेवला पाहिजे, असा नियम होता. तेव्हा ही गाडी शर्यतीची असली तरी जन्माने टूरर.

१९२९ च्या जूनमध्ये बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी तिच्यावर ले माँ मारली, आणि पहिले चारही क्रमांक बेंटलींनी घेतले. अंगावरचा आकडा १, म्हणून नाव ‘नंबर वन’. पुढच्या वर्षी तीच गाडी ४ क्रमांक लावून उतरली, या खेपेस बार्नाटोच्या जोडीला ग्लेन किडस्टन. समोर रुडॉल्फ काराचिओलाची सुपरचार्जर बसवलेली मर्सिडीज होती. रात्रीपर्यंत झुंज रंगली, मग मर्सिडीजने मान टाकली आणि बेंटली पुन्हा पहिली आली. एकच गाडी सलग दोनदा ले माँ जिंकल्याचं हे पहिलंच उदाहरण.

त्यानंतर कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतलं. १९३१ च्या उन्हाळ्यात बेंटली मोटर्स दिवाळखोरीत निघाली आणि वर्ष संपायच्या आत रोल्स रॉइसच्या घशात गेली. बार्नाटोने मात्र आपली लाडकी गाडी सोडली नाही. त्याचा मेकॅनिक वॉल्टर हॅसन, जो पुढे जॅग्वारच्या इंजिनांसाठी नावाजला गेला, त्याच्या हातून तिची इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या काँक्रीट ट्रॅकसाठी नव्याने बांधणी झाली. १९३१ ची ५०० मैलांची शर्यत जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी तिच्यावर ताशी १९० किलोमीटरच्या आसपास सरासरी राखून जिंकली.

१९३२ मध्ये तिच्यात आठ लिटरचं, ७,९८३ सीसीचं इंजिन आलं आणि त्यासोबत चेसिसही, म्हणजे इंजिन आणि बॉडी ज्यावर बसते तो सांगाडाही, बदलली. बेंटलीची ‘फोर लिटर’ नावाची जी शेवटची गाडी होती, तिची चेसिस आठ लिटरच्या गाडीचीच आखूड केलेली आवृत्ती. मोठं इंजिन तिच्यात बसणं अवघड नव्हतं. २४ सप्टेंबर १९३२ ला ब्रुकलँड्सच्या त्याच शर्यतीत जॅकचा धाकटा भाऊ क्लाइव्ह डनफी ती चालवत होता. मेंबर्स बँकिंग या तिरप्या वळणाच्या चढावर गाडी फार वर गेली, कड ओलांडून पलीकडे कोसळली आणि क्लाइव्ह जागीच गेला. शर्यतीतला त्याचा जोडीदार म्हणून जॅक तिथेच होता. त्याने पुढे शर्यती सोडल्या.

बार्नाटोने ती मोडकी गाडी भंगारात काढली नाही. दुरुस्त करून तिच्यावर कूपे बॉडी चढवली आणि ती रस्त्यावर फिरू लागली. तिथून पुढे ती या मालकाकडून त्या मालकाकडे जात राहिली. शेवटी ज्याने ती १९९० मध्ये विकायला काढली, त्याच्या हाती ती पुन्हा ले माँच्या काळातल्या उघड्या टूररच्या रूपात आली.

लोखंडाचा हिशेब

कोर्टात जाणकारांच्या मदतीने गाडी अक्षरशः भागाभागाने तपासली गेली. त्यातून निघालेला हिशेब वाचताना छातीत धस्स होतं.

१९२९ च्या विजेत्या गाडीतलं, ज्यांचा काळ ठरवताच येत नाही अशी किरकोळ फिटिंग सोडली तर, काहीही शिल्लक नव्हतं. १९३० च्या गाडीतलं उरलं होतं तीन जिनसांपुरतं: पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं आवरण आणि स्टिअरिंग कॉलम. त्यांतलंही काही मधल्या काळात बदललं गेलेलं असू शकतं. चेसिस होती १९३२ ची, फोर लिटरची. इंजिनही ले माँ जिंकलेलं ते नव्हे. बॉडी तर उघडच नवी.

चेसिसचा मुद्दा इथे थांबून बघायला हवा. आपल्याकडे आरटीओत कुठलीही गाडी ओळखली जाते ती चेसिस आणि इंजिनाच्या नंबरावरून. पेन्सिल घासून कागदावर छाप घ्यायची, ती आरसी बुकाशी ताडून बघायची, की झाली ओळख. हाच नियम या बेंटलीला लावला, तर १९३२ च्या हंगामातच ‘ओल्ड नंबर वन’चा शेवट झाला असं म्हणावं लागेल. खरेदीदारांची बाजू म्हणजे थोडक्यात हीच होती आणि ती पोकळ नव्हती. मी त्यांच्या जागी असतो, आणि ती तीन भागांची यादी वाचली असती, तर मलाही झोप लागली नसती.

न्यायमूर्तींनी काय ठरवलं

निकाल विक्रेत्याच्या बाजूने गेला, पण न्यायमूर्तींनी डोळे मिटून होकार दिला नाही. कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच राहिलेली गाडी, या अर्थाने हिला मूळ गाडी म्हणता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं. शर्यत जिंकताना ती जशी होती तशी ती आज आहे, असंही म्हणता येणार नाही. पण ही नक्कल नव्हे, की एकदा संपलेल्या गाडीला पुन्हा उभं केलेलं सोंगही नव्हे. कारण ती कधी संपलीच नव्हती. ती बदलत गेली. आणि म्हणून तिला अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ म्हणणं योग्य आहे.

कारणं त्यांनी फार नेमकी दिली. एक तर नवे भाग एका दमात आले नाहीत. इतक्या संथपणे आणि इतक्या लांब काळात ते जुन्यात मिसळत गेले की कोणत्याही एका क्षणी गाडीची ओळख पुसली गेली असं बोट ठेवून दाखवता येत नाही. दुसरं, वरच्या दर्जाच्या शर्यतींमध्ये चार हंगाम ती सलग धावली, त्यात खंड नाही. तिसरं, जगात असलेली किंवा मोडीत गेलेली दुसरी कुठलीही बेंटली या नावावर हक्क सांगू शकत नाही. ७ एप्रिलला जे विकायला होतं त्यात धातू तर होताच, पण त्याच्या जोडीला हा इतिहास आणि हा लौकिकही होता.

जीर्णोद्धार झालेल्या देवळाकडे आपण ज्या नजरेने बघतो, त्या नजरेला हा निकाल सहज पटतो. गाभाऱ्याचे दगड बदलले, शिखर नवं बांधलं, मंडप वाढवला, तरी गावाच्या लेखी देऊळ तेच असतं, कारण तिथली पूजा कधी खंडली नाही. बेंटलीच्या बाबतीत ती अखंडता मालकीची आणि वापराची होती. १९२९ ते १९३२ या काळात जे काही बदललं, ते तिच्या मालकाने, तिच्याच माणसांकडून, तिच्याच कामासाठी बदललं. चेसिस बदलली ती ब्रुकलँड्सला आणखी वेगाने पळण्यासाठी. साठ वर्षांनी येणाऱ्या गिऱ्हाइकाला भुलवण्याचा तिथे प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या कारणाबद्दल

तिन्हींपैकी मला तिसरं कारण सर्वांत भक्कम वाटतं, आणि चर्चेत नेमकं तेच मागे पडतं. समजा, १९३२ मध्ये काढून टाकलेली जुनी चेसिस कुणीतरी गॅरेजच्या कोपऱ्यात जपून ठेवली असती. पन्नास वर्षांनी त्याच्या नातवाने तिच्यावर त्याच काळचं इंजिन चढवलं असतं, व्हॅन्डन प्लासच्या धर्तीची बॉडी बसवली असती आणि म्हटलं असतं, ही घ्या ‘ओल्ड नंबर वन’. मग काय? एकीकडे लोखंड, दुसरीकडे अखंड मालकी. तेव्हा हा निकाल इतक्या सहज देता आला नसता, असं माझं मत आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात एकाच नंबरावर दोन गाड्यांनी हक्क सांगण्याची भांडणं नवी नाहीत, आणि ती सुटतात बहुधा एकाने दुसऱ्याला पैसे देऊन गप्प केल्यावर.

आता याच्या उलट बाजू बघा. इंग्लंडमध्ये गेल्या काही दशकांत साडेसहा आणि आठ लिटरच्या कित्येक बेंटलींच्या बंद सलून बॉडी काढून टाकल्या गेल्या आणि त्यांच्यावर ले माँच्या धर्तीच्या उघड्या टूरर बॉडी चढवल्या गेल्या. हिरवा रंग, बॉनेटवर चामड्याचे पट्टे, बाजूला आकडा. अशा एखाद्या गाडीची चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल सगळं १९२९ चं असू शकतं. लोखंड मोजलं तर ‘ओल्ड नंबर वन’पेक्षा ती कितीतरी जास्त जुनी. पण ती कुठल्या डॉक्टरसाहेबांची दवाखान्यात जायची शांत गाडी होती, आणि तिचा तो खरा, साधा इतिहास पाना-स्क्रूड्रायव्हरने उचकटून फेकून दिला गेला. मला अशा गाड्या बघून वाईट वाटतं. सलून बॉडी बांधणाऱ्या कारागिरांचं काम एकदा गेलं ते गेलं.

इतिहास लोखंडाला चुकीच्या जागी चिकटतो तेव्हा काय होतं, याचंही उदाहरण बार्नाटोच्याच घरात सापडतं. १९३० च्या मार्चमध्ये त्याने दक्षिण फ्रान्सहून निघणाऱ्या ‘ब्लू ट्रेन’ या आगगाडीशी पैज लावली: ती उत्तर फ्रान्समधल्या कॅले बंदराला पोचायच्या आत मी लंडनमधल्या माझ्या क्लबात असेन. तो स्पीड सिक्स घेऊन दक्षिणेतल्या कान शहराहून निघाला आणि पैज जिंकला. गर्नी नटिंगने बांधलेली, उतरत्या छपराची एक देखणी स्पीड सिक्स कूपे पुढे कित्येक वर्षं ‘ब्लू ट्रेन बेंटली’ म्हणून मिरवली. चित्रांत तीच, मॉडेलांत तीच. मग कागद तपासले गेले. ती कूपे बार्नाटोच्या ताब्यात आली होती मे महिन्यात, पैजेनंतर दोन महिन्यांनी. पैज धावली होती ती एच. जे. मलिनरची बॉडी असलेली चौकोनी सलून. कूपेचं लोखंड शंभर टक्के अस्सल, बॉडी अस्सल, मालकही तोच. खोटी ठरली ती फक्त गोष्ट, आणि ती खोटी ठरवली डिलिव्हरीच्या एका तारखेने.

या दोन गाड्या शेजारी ठेवल्या की ऑटन यांच्या निकालाचं मोल कळतं. इतिहासाला किंमत आहे म्हणताना त्यांनी कुणाच्या आठवणीवर किंवा दंतकथेवर विसंबून तसं म्हटलं नव्हतं. कुठल्या हंगामात कोणता भाग आला, याची साखळी त्यांच्यापुढे होती. ती नसती, तर त्या तीन जिनसांच्या यादीपुढे विक्रेत्याची बाजू टिकणं कठीण होतं.

आपल्या नियमांत ही गाडी बसली असती का?

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या दुचाकी आणि चारचाकींना राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ अक्षरं असलेली खास नंबर प्लेट मिळते, म्हणजे आपल्याकडे एमएच व्हीए. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. गाडी रोज रस्त्यावर चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. आणि मुख्य अट: गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको.

अक्षरशः वाचली तर या अटीवर ‘ओल्ड नंबर वन’ तिन्ही बाबतींत नापास होते. नियमामागचा हेतू चांगला आहे. जुन्या सांगाड्यावर हवं ते बसवून ‘विंटेज’ म्हणून खपवणाऱ्यांना आळा बसायलाच हवा. पण फेरफार झाला का, एवढंच विचारणं अपुरं आहे. तो कधी झाला आणि कशासाठी झाला, हेही विचारायला हवं. संस्थानांतून बाहेर पडलेल्या आणि पुढे मुंबई-पुण्यात किंवा कोल्हापुरात आलेल्या कित्येक ब्रिटिश गाड्यांना मधल्या काळात सुटे भाग मिळत नव्हते. कुणी डिझेल इंजिन घातलं, कुणी अँबॅसेडरचा गिअरबॉक्स बसवला, कुणी टूररचा टप काढून पत्र्याचं छप्पर ठोकलं. परदेशी वस्तूंच्या टंचाईच्या काळात गाडी चालती ठेवण्याची ती धडपड होती आणि ती त्या गाडीच्या आयुष्याचाच भाग आहे. गेल्या वर्षी रॅलीत मिरवायला म्हणून केलेला बदल आणि १९६५ साली गाडी बंद पडू नये म्हणून केलेला बदल यांना एकाच रकान्यात टाकू नये, असं माझं ठाम म्हणणं आहे.

म्हणून अशी गाडी घरात असेल तर आधी पॉलिशवाल्याकडे जाऊ नका. आरसी बुक, जुनी टॅक्सची पावती, विम्याचे कागद, संस्थानच्या दफ्तरातलं एखादं पत्र, लग्नाच्या अल्बममधला गाडीचा फोटो, सगळं एका फाइलीत आणा. गाडी ज्यांनी चालवली आणि ज्यांनी दुरुस्त केली अशा वयस्कर माणसांना तारखांसकट विचारून लिहून घ्या. ड्रायव्हरकाकांना जे ठाऊक असतं ते मालकालाही ठाऊक नसतं. मग भागवार वही घाला: चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल, स्टिअरिंग, बॉडी, प्रत्येकाला एक पान. कधी बदललं, कुणी बदललं, का बदललं, आणि काढलेला भाग कुठे गेला. शेवटचा रकाना रिकामा राहतोय असं दिसलं तर गॅरेजचा माळा, शेजारच्या फिटरचं दुकान आणि ज्याला तो भाग दिला असं कुणी म्हणतं त्याचं घर, हे तिन्ही आजच बघून या, कारण तुमच्या गाडीच्या नावावर उद्या दुसरी गाडी उभी राहिलीच, तर ती त्याच भागातून उभी राहील.